जमशेटजी टाटा
जमशेटजी नुसेरवानजी टाटा (३ मार्च, १८३९:नवसारी, गुजरात - १९ मे, १९०४:बाड नॉयहाइम, जर्मनी) हे भारतीय उद्योजक, मुंबईतील मोठे जमीनमालक आणि टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक होते.

सुरुवातीचे जीवन
त्यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. त्यानंतर ते वडिलांच्या व्यापारात सामील झाले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळी येथील बंद पडलेली तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली.

जमीन व इमारती
नागपूरच्या एम्प्रेस मिलसाठी (१८७७) त्यांनी रेल्वे स्थानकाजवळची दलदलीची, स्वस्त जमीन निवडली. ती भरून काढणे म्हणजे सोने मातीत घालणे, असे मानून एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला; पुढे गिरणीची भरभराट पाहून त्याने आपली चूक कबूल केली. गिरण्यांच्या नफ्याचा काही भाग जमशेटजींनी मुंबईतील जमिनी व इमारतींत गुंतवला. जुहू तारा येथे सुमारे १२०० एकरांवर वसाहत उभारण्याची त्यांची योजना मात्र त्यांच्या निधनानंतर मागे पडली. अपोलो बंदराजवळचे ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले.

मालमत्तेचे दान
१८९८ मध्ये त्यांनी विज्ञान संशोधन संस्थेसाठी मुंबईतील १४ इमारती व ४ भूखंड देऊ केले. त्यांची किंमत सुमारे ३० लाख रुपये होती. मालमत्ता विकून टाकण्याऐवजी तिच्या कायम उत्पन्नावर संस्था चालावी, हा त्यामागील हेतू होता. मुलांनी हे दान पूर्णत्वास नेले आणि १९०९ मध्ये बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली.

मुळशी धरण
सह्याद्रीतील पावसाच्या पाण्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची त्यांची कल्पना त्यांच्या पश्चात साकारली. खोपोली (१९१५) व भिवपुरीनंतर भिरा वीजकेंद्रासाठी पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशी धरण बांधण्यात आले. त्यात मावळ्यांची अनेक गावे व भातशेती बुडाली. जमिनी गहाण असलेले अनेक सावकार मोबदला घेण्यास तयार झाले. जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांनी मात्र सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह केला. धरणग्रस्तांनी भारतात केलेल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते.