डोंगरातला नांगरकरी कवी : जेसी स्टुअर्ट

आपल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची खानदेशी बोलीतली गाणी पुत्र सोपानदेवांमुळे १९५२ साली छापून निघाली. अमेरिकेतील केंटकी राज्यात याच्या नेमके उलट घडले. तिथे बाप निरक्षर होता आणि मुलगा लेखक झाला.

जेसी स्टुअर्ट यांचा जन्म १९०६ साली ग्रीनअप परगण्यातील डब्ल्यू-हॉलो या खोऱ्यात झाला. वडील मिचेल दुसऱ्याच्या जमिनी कसत. आई मार्था दुसरीपर्यंत शिकलेली. जेसींनी मात्र मजुरी करीत १९२९ साली टेनेसीतील लिंकन मेमोरियल विद्यापीठाची पदवी घेतली.

पुढे १९३१ मध्ये ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. तिथे हाल झाले. दोन वेळचे जेवण धड मिळेना, आणि वसतिगृहाला आग लागून प्रबंधही जळाला. एका प्राध्यापकांनी थोडक्यात आत्मवृत्त लिहून आणायला सांगितले, तर या पठ्ठ्याने तीनशेवर पाने नेऊन दिली! दुसरे अध्यापक, कवी डोनाल्ड डेव्हिडसन, यांनी सल्ला दिला की, गावी परत जा आणि आपल्याच माणसांवर लिही. वरची पदवी न घेताच स्टुअर्ट परतले. शिकलेल्या मुलाने पुन्हा नांगर धरणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकांना सांगायला नको.

शेती आणि शाळामास्तरकी करता करता त्यांनी सुनीतांमागून सुनीते रचली. १९३४ साली त्यांचा संग्रह निघाला, तोच मुळी सातशे तीन सुनीतांचा. आपल्याकडे सुनीत हा पंडिती प्रकार. इथे त्याला मातीचा वास आला.

कथांत तर त्यांनी डोंगरी लोकांनाच बोलू दिले. तंबाखूची शेती, शिकार, भांडणे, मर्तिक, सारे त्याच बोलीत. १९४३ सालची 'टॅप्स फॉर प्रायव्हेट टसी' ही कादंबरी खूप गाजली. एका शिपायाच्या विम्याचे पैसे येतात आणि नातेवाइकांची रीघ लागते, अशी ती गोष्ट. त्यात गावकरी कधी कधी थट्टेचा विषय होतात, हे मान्य करावे लागते. बोलीत लिहिणाऱ्यापुढे हा धोका नेहमीच असतो.

१९५४ साली स्टुअर्टना हृदयविकाराचा जबर झटका आला. त्याच वर्षी वडीलही गेले. मुलाचे एकही पुस्तक ज्यांना वाचता आले नाही, त्या वडिलांवर त्यांनी १९६० साली एक अख्खे पुस्तक लिहिले.

स्टुअर्ट १९८४ च्या फेब्रुवारीत वारले. लेखनाच्या कमाईतून त्यांनी त्याच खोऱ्यात जमीन घेतली होती. तिच्यातली सातशेहून अधिक एकर आज राखीव वन आहे.