चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन

चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन (३ सप्टेंबर, इ.स. १८९५, वॉशिंग्टन, डी.सी. - २२ एप्रिल, इ.स. १९५०, वॉशिंग्टन, डी.सी.) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कायदेपंडित, विधी महाविद्यालयाचे उपअधिष्ठाता आणि नागरी हक्कांचे वकील होते. सार्वजनिक शिक्षणातील वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेत जो दीर्घ न्यायालयीन लढा झाला, त्याची आखणी प्रामुख्याने त्यांनी केली. इ.स. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. हा निकाल लागण्यापूर्वी चार वर्षे ह्यूस्टन यांचे निधन झाले होते.

बालपण आणि शिक्षण

ह्यूस्टन यांचे वडील विल्यम हे वकील होते. आई मेरी यांनी काही काळ शिक्षिकेचे काम केले होते. इ.स. १९१५ मध्ये ह्यूस्टन ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते. तेथे कृष्णवर्णीय सैनिकांना मिळणारी अन्यायाची वागणूक त्यांनी जवळून पाहिली आणि वकिलीचे शिक्षण घेण्याचा निश्चय केला.

इ.स. १९१९ मध्ये त्यांनी हार्वर्ड विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील प्रतिष्ठित विधी नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. इ.स. १९२३ मध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. माद्रिद येथे पुढील अध्ययन केल्यावर इ.स. १९२४ पासून ते वडिलांबरोबर वॉशिंग्टन येथे वकिली करू लागले.

हॉवर्ड विधी महाविद्यालय

इ.स. १९२९ मध्ये ह्यूस्टन हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे उपअधिष्ठाता झाले. सायंकाळी अर्धवेळ चालणाऱ्या या महाविद्यालयाचे त्यांनी पूर्णवेळ महाविद्यालयात रूपांतर केले. अभ्यासक्रम कडक केल्यामुळे अनेक विद्यार्थी मध्येच गळाले. तथापि, इ.स. १९३१ मध्ये महाविद्यालयास अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. वकिलाने आपल्या विद्येचा उपयोग समाजरचना बदलण्यासाठी केला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. थरगूड मार्शल आणि ऑलिव्हर हिल हे त्यांचे विद्यार्थी पुढे या लढ्याचे आघाडीचे वकील झाले.

कायद्याची पार्श्वभूमी

इ.स. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या रेल्वेप्रवासासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विभक्त परंतु समान सोयींचे तत्त्व मान्य केले होते. दक्षिणेकडील राज्यांनी या तत्त्वाच्या आधारे शाळाही वेगळ्या ठेवल्या. सोयी वेगळ्या राहिल्या, परंतु समान कधीच झाल्या नाहीत. शाळांचा कारभार काउंटी आणि शहरांच्या शिक्षण मंडळांकडे असे. शिक्षकांचे वेतन, इमारती, पुस्तके, शाळेच्या बसगाड्या आणि वर्षातील शिकवण्याचे दिवस, या सर्व बाबतींत ही मंडळे कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना फार कमी देत. दक्षिण कॅरोलायनातील शाळांचे ह्यूस्टन यांनी स्वतः चित्रीकरण केले होते.

न्यायालयीन लढा

इ.स. १९३५ मध्ये ह्यूस्टन हे नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संस्थेचे विशेष वकील झाले. प्रत्येक काउंटीविरुद्ध स्वतंत्र दावा लढवण्याइतका पैसा आणि वकील संस्थेकडे नव्हते. त्यामुळे सर्वत्र लागू पडतील असे निकाल क्रमाक्रमाने मिळवण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. प्रथम समानतेची अट अक्षरशः पाळण्याची मागणी करावयाची, म्हणजे दुहेरी व्यवस्थेचा खर्च शासनाला असह्य होईल, असा त्यामागील विचार होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी वेगळी विधी महाविद्यालये जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे तेथील विषमता नाकारणे राज्यांना शक्य नव्हते. म्हणून लढ्याची सुरुवात उच्च शिक्षणापासून झाली.

मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने डोनाल्ड मरे यांना वर्णामुळे प्रवेश नाकारला होता. ह्यूस्टन आणि मार्शल यांनी त्यांचा दावा लढवला. इ.स. १९३५ मध्ये बॉल्टिमोरच्या न्यायालयाने प्रवेश देण्याचा आदेश दिला व पुढील वर्षी राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला.

मिसूरी राज्य कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राज्याबाहेर कायदा शिकण्यासाठी शुल्क देत असे. लॉइड गेन्स यांच्या खटल्यात ही पद्धत सर्वोच्च न्यायालयासमोर आली. राज्य जे शिक्षण गौरवर्णीयांना आपल्या हद्दीत देते, ते इतरांनाही हद्दीतच दिले पाहिजे. तसेच मागणी करणारे थोडे आहेत म्हणून हा हक्क नाकारता येणार नाही, असा निकाल १२ डिसेंबर, इ.स. १९३८ रोजी लागला. गेन्स मात्र इ.स. १९३९ मध्ये शिकागो येथून बेपत्ता झाले आणि त्यांचा प्रवेश कधीच झाला नाही.

याच काळात शिक्षकांच्या वेतनाचा प्रश्नही न्यायालयात नेण्यात आला. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीत विल्यम गिब्स यांच्या याचिकेनंतर इ.स. १९३७ मध्ये शिक्षण मंडळाने तडजोड करून समान वेतन मान्य केले. बॉल्टिमोर काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी माध्यमिक शाळा नव्हती. तेथील दावा मात्र त्याच वर्षी फेटाळला गेला.

उत्तरायुष्य

इ.स. १९३८ मध्ये ह्यूस्टन वॉशिंग्टन येथे परतले व संस्थेतील कामाची सूत्रे मार्शल यांच्याकडे गेली. इ.स. १९४४ मध्ये त्यांनी रेल्वे कामगारांच्या संघटनांतील वर्णभेदाविरुद्ध आणि इ.स. १९४८ मध्ये घरविक्रीच्या करारांतील वर्णबंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विजय मिळवला. वॉशिंग्टनमध्ये गर्दीने भरलेल्या शाळांविरुद्ध संघटित झालेल्या पालकांचे काम ते विनामूल्य पाहत. हृदयविकाराने आजारी पडल्यावर हे काम त्यांनी जेम्स नॅब्रिट यांच्यावर सोपवले. २२ एप्रिल, इ.स. १९५० रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

ह्यूस्टन यांच्या निधनानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, ५ जून, इ.स. १९५० रोजी, टेक्सास आणि ओक्लाहोमा येथील विद्यापीठांविरुद्धचे दोन निकाल वादींच्या बाजूने लागले. १७ मे, इ.स. १९५४ रोजी ब्राउन विरुद्ध टोपेका शिक्षण मंडळ या खटल्यात विभक्त शाळा या स्वभावतःच विषम असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले. वॉशिंग्टनच्या पालकांचा दावाही बोलिंग विरुद्ध शार्प या नावाने त्याच दिवशी निकाली निघून यशस्वी झाला. मार्शल इ.स. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. या लढ्याच्या यशाचे श्रेय ते आपल्या गुरूंना देत.

इ.स. १९५० मध्ये ह्यूस्टन यांना मरणोत्तर स्पिंगार्न पदक देण्यात आले. हॉवर्ड विधी महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीस आणि हार्वर्ड विधी महाविद्यालयातील एका संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.