ओठ आधी, आवाज मागून : अर्देशीर इराणी

मागच्या सेमची पीएल. रात्रीचे दोन. होस्टेलच्या रूमवर आठ डोकी, एक लॅपटॉप आणि कुणीतरी आणलेला ब्लूटूथ स्पीकर. पिक्चर सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला सगळे वैतागले. हीरोने दार आपटलं की आवाज नंतर येणार! एकाने व्हीएलसीत 'जे' दाबत दाबत आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी पुढे ओढला, दुसऱ्याने स्पीकरच बंद करून साधी वायर लावली. वायरवाला जिंकला, कारण ब्लूटूथला आवाज कॉम्प्रेस करून पाठवायला आणि पलीकडे उलगडायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी ग्राफिक्सच्या शीटऐवजी हेच डोक्यात. चित्र आणि आवाज जुळवायची डोकेदुखी आपल्याकडे पहिल्यांदा कुणी घेतली? शोधत गेलो तर गडी पुण्याचा निघाला.

खान बहादूर अर्देशीर इराणी. जन्म ५ डिसेंबर १८८६, पुणे. पारशी कुटुंब. सुरुवातीला मास्तरकी केली, रॉकेल इन्स्पेक्टर झाले, मग वडिलांच्या फोनोग्राफ आणि वाद्यांच्या धंद्यात शिरले. म्हणजे आवाजाशी ओळख आधीची, चित्राशी नंतरची. १९१४ च्या सुमारास अब्दुलअली इसूफअली यांच्या भागीदारीत मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतलं. १९२२ ला 'वीर अभिमन्यू' काढला, १९२६ ला इम्पीरियल फिल्म कंपनी. सगळे मूकपट. धंदा झकास चालला होता, गप्प बसले असते तरी चाललं असतं.

पण एक्सेलसियर थिएटरला त्यांनी 'शो बोट' हा अर्धामुर्धा बोलणारा अमेरिकन पिक्चर पाहिला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला.

आता इथे थोडं टेक्निकल, पळू नका. तेव्हा आवाजाचे दोन मुख्य रस्ते होते. एक व्हिटाफोनचा : चित्र फिल्मवर आणि आवाज वेगळ्या मोठ्या तबकडीवर. सुई एक घर उडाली, किंवा तुटलेली फिल्म चार फ्रेम कापून जोडली, की बोंबला! पुढचं सगळं रीळ ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. दुसरा रस्ता म्हणजे आवाज प्रकाशाच्या रेघेने फिल्मच्याच कडेला छापायचा. एकच पट्टी असल्यावर घसरणार कुठे? इराणींनी टॅनार नावाचं यंत्र मागवलं. त्याची पद्धत सिंगल सिस्टिम, म्हणजे शूटिंग करतानाच त्याच निगेटिव्हवर आवाजही नोंदला जाणार.

ऐकायला सोपं आहे, पण गोम आहे. चित्राच्या खिडकीशी फिल्म थांबत-थांबत सरकते, आवाज वाचायला मात्र ती सलग धावावी लागते. म्हणून दोन्ही एका जागी बसत नाहीत. ३५ मिमीच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या साधारण २० फ्रेम पुढे छापतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जवळपास पाऊण सेकंदाहून जास्त अंतर! प्रोजेक्टरवाल्याने मधला लूप दोन फ्रेम मोठा सोडला की आवाज ८० मिलिसेकंद उशिरा. आमच्या स्पीकरचीच तक्रार, फक्त दातेरी चाकांवर. आणि सिंगल सिस्टिममध्ये एडिटिंगचे हाल वेगळेच. चित्र जिथे कापाल तिथे भलताच शब्द कापला जातो. मागाहून डबिंग करू म्हणायची सोय नाही. बोललात ते बोललात.

यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला. त्याची फी दिवसाला १०० रुपये, त्या काळात डोळे पांढरे करणारी. इराणींनी महिनाभरात त्याच्याकडून काम शिकून घेतलं आणि रुस्तम भरुचा यांना हाताशी धरून रेकॉर्डिंग स्वतःच केलं. दिग्दर्शक, निर्माता आणि साउंड रेकॉर्डिस्ट एकच माणूस! (आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चौघांत मिळून एक काम होत नाही.)

स्टुडिओ रेल्वे रुळांच्या शेजारी. मिनिटा-मिनिटाला गाडी. साउंडप्रूफ वगैरे नाहीच. मग शूटिंग मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर, पहाटे चारपर्यंत. माइक सेटवर लपवलेले. गाणी जागच्या जागी गायची आणि वाजवायची : तबला, पेटी, व्हायोलिन, बस्स. तेही कॅमेऱ्याच्या नजरेआड. हीरो मास्टर विठ्ठल, मूकपटांचा स्टंटबाज स्टार. आधीच्या स्टुडिओने कराराच्या भंगाबद्दल कोर्टात खेचलं, तेव्हा त्याची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी. केस जिंकली, पण उर्दू संवादांचं काय? ते काही जिनांना जमणार नव्हतं. त्यामुळे गड्याला बऱ्याच सीनमध्ये अर्धवट बेशुद्ध ठेवला!

कलकत्त्याची मादन थिएटर्सही बोलपटाच्या मागे होती, म्हणून सगळं गुपचूप. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस आले, चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं. मादनचा 'शिरीन फरहाद' त्याच वर्षी आला. त्यात चित्र आणि आवाज वेगवेगळे घेतले होते, आणि माझ्या मते तोच शहाणा मार्ग, पुढे सगळे त्याच वाटेने गेले. पण पहिला नंबर हुकला तो हुकला.

इराणी थांबले नाहीत. १९३३ ला मुंबईत पहिला फारसी बोलपट 'दुख्तर-ए-लोर', १९३७ ला 'किसान कन्या', म्हणजे इथेच प्रोसेस केलेला पहिला भारतीय रंगीत पिक्चर. दीडशेहून जास्त चित्रपट करून १४ ऑक्टोबर १९६९ ला मुंबईत गेले.

'आलम आरा' आज आपण पाहू शकत नाही. पुण्यात, त्यांच्या जन्मगावी, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण तिथेही प्रिंट नाही, जगात कुठेच सापडलेली नाही. काही फोटो आहेत. आणि ज्यावर त्या पिक्चरच्या प्रिंट निघाल्या, ते बेल अँड हॉवेलचं यंत्र मुंबईतल्या एका दुकानात सापडलं. दातेरी चाकं शाबूत आहेत म्हणतात. या सुट्टीत मुंबईला गेलो तर पत्ता काढणार आहे.