रघुजी भोसले : नागपूरहून बंगालवर धडक, पण मुलूख का टिकला नाही? समजून घ्या भूगोल

गोंदिया : पश्चिमेकडून छत्तीसगडला जाण्याची सोपी वाट वैनगंगेच्या खोऱ्यातून, म्हणजे आजच्या भंडारा-गोंदियातून जाते. मुंबई-हावडा रेल्वेमार्गही इथूनच गेला. अठराव्या शतकात हे खोरे हाती आल्यावर नागपूरकर रघुजी भोसले (पहिले) यांच्यासाठी पूर्वेचे दार उघडले.

रघुजी कोण होते?
छत्रपती शाहू महाराजांचे सरदार आणि 'सेनासाहेब सुभा'. वऱ्हाड ही त्यांची पहिली जहागीर. देवगडचे गोंड राजे चांद सुलतान यांच्या निधनानंतर वारसाहक्काचा वाद पेटला. राणी रतनकुंवर यांनी रघुजींची मदत मागितली. १७४३ पर्यंत सत्ता रघुजींकडे आली आणि नागपूर राजधानी झाली. गोंड राजाचा मान मात्र त्यांनी कायम ठेवला.

पूर्वेकडेच का वळले?
दक्षिणेला निजाम होता, पश्चिमेला आणि माळव्यात पेशवे. मोकळी दिशा उरली पूर्वेची. त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूर जिंकले आणि १७४२ मध्ये बंगाल गाठले.

बंगाल का जिंकता आला नाही?
- नागपूर ते बंगाल शेकडो किलोमीटरचे अंतर, मध्ये डोंगर आणि जंगल. रसद पोहोचवणे अवघड.
- हलके घोडदळ कोरड्या मैदानात वेगवान. बंगालच्या नद्या आणि पावसाळ्यात तोच वेग संपायचा.
- नवाब अलीवर्दी खानाने १७४४ मध्ये भास्कररामांना भेटीला बोलावून दगाफटक्याने ठार केले.

या स्वाऱ्यांत बंगालमधील गावे लुटली गेली. 'बर्गी' या नावाने ती आठवण तिथे आजही आहे. अखेर १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशावर नागपूरकरांचा अंमल आला. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघुजींचे निधन झाले.

मग उतरती कळा कशी लागली?
ओडिशामुळे राज्याला समुद्र मिळाला, पण आरमार नव्हते. शिवाय हा किनारा इंग्रजांच्या कलकत्ता आणि मद्रास या दोन ठाण्यांच्या मधोमध होता, त्यामुळे त्यांना तो हवाच होता. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक-बालासोर गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाडही. चारही दिशांना पोहोचणारे नागपूर आता चारही बाजूंनी घेरले जाऊ लागले. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत पराभव झाला. तिसरे रघुजी वारस न ठेवता वारल्यावर १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. गोंदियाचा परिसरही त्याचबरोबर इंग्रजी अमलाखाली गेला.