ओवीचे ऋण मानणारा पाद्री : फादर स्टीफन्स

राणीसावरगावच्या आम्हां मंडळींना ओवी नवी नाही. आमच्या तालुक्याचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जात्याची घरघर बहुतेक घरांतून लोपली, तरी वडीलधाऱ्यांच्या कानांतून ती लय गेलेली नाही. म्हणूनच आज नाताळच्या मंगलदिनी ख्रिस्तचरित्र ओवीत गाणाऱ्या एका इंग्रज साधूचे स्मरण करताना आम्हांस परकेपणा वाटत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. मायदेशी कॅथलिक पंथीयांना दिवस कठीण होते. १५७५ मध्ये ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

त्यांच्या धर्माची प्राचीन गायनपरंपरा लॅटिन होती. तालाच्या बंधनाविना, एकाच सुरावटीत सर्वांनी गावयाचे हे गायन परंपरेने पोप ग्रेगरी यांच्या नावे ओळखले जाते. ते आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक लोकांच्या राज्यात आकारास आले, असे आता अभ्यासक मानतात. तिच्याच जोडीची ‘लितानी’ ही प्रार्थना. एकाने पुकारा करावा आणि जनसमुदायाने तेच पालुपद पुन्हा पुन्हा उच्चारावे, अशी तिची रीत. आमच्या भजनातील ध्रुपदाची येथे कोणासही आठवण व्हावी. इ. स. ५९० मध्ये रोमवर महामारीचे संकट आले असता ग्रेगरींनी अशाच प्रार्थनेच्या मिरवणुका काढविल्या होत्या. गोव्यात हीच लितानी ‘लदाईन’ या नावाने घरोघरी आणि वाटेवरच्या क्रुसांपाशी रुजली. सूर रुजला, परंतु लॅटिन शब्दांचा अर्थ सामान्य भाविकास कोठून कळावा?

फादर स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र सासष्टी. तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये पाडली होती; जुन्या धर्मग्रंथांवरही बंदी आली होती. नवख्रिस्ती झालेल्या लोकांचा धर्म पालटला, परंतु पुराणश्रवणाची ओढ कशी पालटावी? आम्हांस आमच्या भाषेत पुराण द्या, ही त्यांची मागणी स्टीफन्स यांनी मनावर घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. पहिल्या भागात जगदुत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तजन्म व चरित्र. ज्ञानदेव-एकनाथांनी घडविलेला ग्रंथांतील ओवीचा साचाच त्यांनी स्वीकारिला, आणि मराठीची थोरवीही मुक्तकंठाने गाइली. १६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्यांचे कोकणीचे व्याकरण मात्र त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

रविवारी व सणावारी देवळांतून ख्रिस्तपुराण गाइले जाऊ लागले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढिला. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही! तरीही पुराण उरले ते हस्तलिखितांत आणि कंठांत. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले; तेथेच १९०७ मध्ये ते पुन्हा छापले गेले. १९५६ मध्ये पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ती निघाली. खुद्द रोमच्या धर्मपीठाने लोकभाषांतील उपासनेस मोकळीक दिली, ती १९६२ ते १९६५ च्या धर्मपरिषदेमुळे.

ज्या राजवटीने एक पुराण हिरावून घेतले, तिच्याच छायेत हे दुसरे जन्मास आले, हे आम्ही विसरू नये. तथापि हिरावलेल्या कंठास त्याचीच ओवी परत देणाऱ्या या पाद्र्याचे ऋणही नाकारू नये. गोदातीरीच्या संतांनी वाढविलेली ओवी सागरतीरीच्या प्रार्थनामंदिरात घुमली, ही गोष्ट नाताळच्या दिवशी आम्हां मराठी जनांस अभिमानाची वाटावी.