दुखणं अंगावर काढणाऱ्यांचा मंत्री

मैत्रिणींनो, घरात कुणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की आपला पहिला हात कुठे जातो? कपाटातल्या डब्याकडे, नाहीतर अंगावरच्या दागिन्याकडे. आपल्या देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी जवळजवळ 39 टक्के खर्च 2021-22 मध्येही लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला होता. इंग्लंडमध्ये गेलेले नातेवाईक मात्र सांगतात की तिथे ऑपरेशन झालं तरी बिल हातात पडत नाही. ही सोय ज्यानं उभी केली, तो एका खाणकामगाराचा मुलगा होता.

अन्युरिन बेव्हन यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1897चा, वेल्समधल्या ट्रेडेगर गावातला. घरात दहा भावंडं, त्यातली काही लहानपणीच गेली. वडील कोळशाच्या खाणीत, आई शिवणकाम करणारी. घरी त्याला नाय म्हणत. हा नाय बोलताना अडखळायचा, शाळेत मार खायचा आणि तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरला. पुढे मोठमोठ्या सभा गाजवणाऱ्या या माणसानं तोतरेपणावर मात केली ती शब्दांवर मेहनत घेऊन. जो शब्द जिभेवर अडेल त्याच्या जागी दुसरा हवा, म्हणून वाचनालयातली पुस्तकं त्यानं अक्षरशः फडशा पाडून संपवली.

वडिलांच्या छातीत कोळशाची धूळ साठत गेली. पण हा आजार तेव्हा भरपाईच्या कायद्यात बसतच नव्हता, म्हणून एक पैसाही मिळाला नाही. त्यात नाय बेकार झालेला. बहीण कमावते या कारणानं त्याचा बेकारभत्ताही बंद झाला. 1925 मध्ये वडील मुलाच्या हातांतच गेले.

पण याच गावात एक चांगली गोष्टही होती. आपल्याकडे बायकांची भिशी असते ना, साधारण त्या जातीची. खाणकामगार आपल्या पगारातल्या दर पौंडामागे तीन पेनी गावच्या वैद्यकीय मदत संस्थेत टाकत. त्यातून डॉक्टर, नर्स, दवाखाना, औषधं सगळं मिळे आणि तेही कामगाराबरोबर त्याच्या बायकोमुलांना. देशाचा 1911चा विमा कायदा फक्त कमावत्या माणसाला डॉक्टर देई. बायको आणि पोरं त्यात नव्हती. घरचं करणारी बाई तेव्हाही हिशेबाबाहेरच!

1929 मध्ये बेव्हन खासदार झाले. 1934 मध्ये त्यांनी जेनी ली यांच्याशी लग्न केलं. त्याही खाणकामगाराची मुलगी आणि खासदार राहिलेल्या. लग्नानंतर त्यांनी आडनाव बदललं नाही, आणि स्वयंपाकघर सांभाळलं ते जेनींच्या आईनं.

महायुद्ध संपलं आणि 1945 मध्ये बेव्हन आरोग्यमंत्री झाले. जर्मनीत 1883 पासून मालक आणि कामगारांच्या वर्गणीवर विमा चालत होता. बेव्हन यांनी वेगळी वाट घेतली. खर्च मुख्यतः सरकारी करांतून, आणि उपचार सगळ्यांना, वर्गणी भरलेली असो वा नसो. डॉक्टर खवळले. फेब्रुवारी 1948 मधल्या मतदानात सुमारे 41 हजार डॉक्टर विरोधात गेले, बाजूने पाचेक हजारही नव्हते. शेवटी मोठ्या डॉक्टरांना खासगी पेशंट बघायची मुभा देऊन बेव्हन यांनी तिढा सोडवला. तत्त्वाला मुरड घातली हे खरं, पण तेवढी घातली नसती तर योजना कागदावरच राहिली असती असं मला वाटतं.

5 जुलै 1948. त्या दिवसापासून दवाखान्यांत रांगा लागल्या, आणि त्यात बायका खूप होत्या. बाळंतपणानंतर अंग बाहेर येत असलेल्या, वर्षानुवर्षं तसंच काम रेटणाऱ्या बायका पहिल्यांदा डॉक्टरसमोर आल्या. दातांचं तर विचारू नका. पुढे खर्च नको म्हणून लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देण्याची रीत काही भागांत होती! पहिल्याच वर्षात पन्नास लाखांवर चष्मे वाटले गेले. अंदाजपत्रक कोलमडलं. 1951 मध्ये कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च लोकांकडून घ्यायचं ठरलं. त्यातून त्या वर्षी मिळणार होते 1 कोटी 30 लाख पौंड. एवढ्यासाठी तत्त्व मोडायचं का, म्हणून बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. (तेव्हा ते आरोग्य सोडून कामगार खात्याचे मंत्री होते, तरीही.)

या व्यवस्थेत दोष नाहीत असं नाही. 2023 मध्ये इंग्लंडमध्ये उपचारांची प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर गेली होती. गुडघा बदलायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. पण तिकडे अमेरिकेत बघा. देशाच्या उत्पन्नातला सुमारे 17 टक्के पैसा आरोग्यावर जातो, ब्रिटनमध्ये 11च्या आसपास. तरीही अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त लोकांकडे विमाच नाही.

1959च्या डिसेंबरात बेव्हन यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, लंडनच्या रॉयल फ्री या सरकारी रुग्णालयातच. निघाला कॅन्सर. जेनींनी त्यांना ते कळू दिलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका करतात तसंच. 6 जुलै 1960 रोजी ते गेले. त्यानंतर जेनींनी मंत्री म्हणून घरबसल्या शिकता येईल असं मुक्त विद्यापीठ उभं करायचं मनावर घेतलं. 1969 मध्ये ते स्थापन झालं. आणि बेव्हन यांच्या वेल्समध्ये 2007 पासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे पैसेही द्यावे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये अनेकांना अजून द्यावे लागतात.