बरणीतल्या मिठाचा हिशेब

गेली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा मी धाकट्या भावाला घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला जातो. त्याला डायलिसिसच्या यंत्राला जोडलं, की चार तास मला काम नसतं. बँकेत जन्म आकडे तपासण्यात गेला. त्यामुळे यंत्रावरचे आकडेही सवयीने वाचत बसतो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, असं भावाने एकदा विचारलं. शोधता शोधता मी टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञापाशी पोहोचलो.

जन्म १८०५ चा, ग्लासगोचा. वडील कापडाचे कारखानदार. मुलाने धर्मोपदेशक व्हावं हा त्यांचा हट्ट, तर मुलाला रसायनशास्त्राचं वेड. वडिलांनी पैसे बंद केले. (असली घरं आपल्याकडे काय कमी आहेत?) आई आणि बहीण मात्र त्याच्या बाजूने राहिल्या. त्याने एडिंबरोत शिकवण्या केल्या, लेख लिहिले. लेखनाचे पहिले पैसे आई-बहिणीच्या भेटवस्तूंवर खर्च केले, असं सांगतात. १८३७ मध्ये हाच मुलगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला.

पाण्यात मिठाचा खडा टाकला आणि ढवळलं नाही, तरी मीठ हळूहळू सगळीकडे पसरतं. शाळेच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात. हे पसरणं मोजायचं कसं? ग्रॅहॅम यांची युक्ती स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. मिठाच्या पाण्याने भरलेली लहान बरणी साध्या पाण्याच्या मोठ्या बरणीत अलगद ठेवायची. काही दिवस धक्का लावायचा नाही. मग बाहेरचं पाणी आटवून उरलेलं मीठ तोलायचं. मीठ, साखर, डिंक, अंड्याचा पांढरा बलक, सगळ्यांची अशी परीक्षा झाली. बलक मिठाच्या सुमारे वीसपट मंद निघाला.

सूत्र मात्र त्यांनी बांधलं नाही. ते १८५५ मध्ये आडोल्फ फिक या तरुण जर्मनाने मांडलं: दाट आणि पातळ यांतला फरक जितका जास्त आणि अंतर जितकं कमी, तितका प्रवाह मोठा. त्यातून निघणारी गोष्ट अशी, की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. नाव फिकचं झालं. मला स्वतःला बरण्या राखत बसणारा माणूस अधिक जवळचा वाटतो.

त्याच १८५५ मध्ये ग्रॅहॅम ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुख झाले, एकेकाळच्या न्यूटनच्या खुर्चीवर. म्हणजे आमच्याच धंद्यात आले म्हणायचे! तांब्याची नाणी जाऊन कांशाची आली ती त्यांच्याच काळात, १८६० मध्ये. आणि हा कारभार सांभाळतानाच, १८६१ मध्ये, त्यांनी चर्मपत्रासारख्या कागदाचा पडदा ताणून तो पाण्यावर तरंगत ठेवला. वर लघवी ओतली. युरिया पडद्यातून खाली पाण्यात उतरला. मोठ्या रेणूंचे पदार्थ असा पडदा अडवून धरतो. या क्रियेला डायलिसिस हे नाव त्यांनीच दिलं. १८६९ मध्ये ते वारले. लग्न केलं नव्हतं. कृत्रिम मूत्रपिंड आलं ते १९४३ मध्ये, हॉलंडमध्ये.

भावाच्या यंत्रातल्या नळकांड्यात केसासारख्या बारीक अशा हजारो नळ्या आहेत. अंतर इतकं कमी केलं म्हणूनच चार तासांत भागतं. महिन्यातून एकदा आधी आणि नंतर रक्त तपासतात. गेल्या खेपेला युरिया १२८ वरून ४१ वर आला. मी आकडा डायरीत लिहून घेतला आणि भावाला चप्पल दिली. परतीची लोकल गाठायची होती.